कार्यकर्त्याची रजा



नाशिकच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या पाड्यांवर माझ्याबरोबर काम केलेल्या सगळ्यांच्या वतीने स्वीकारते.

अध्यक्षाने आपल्या क्षेत्राचा आढावा घ्यावा असा संकेत आहे. तो थोडक्यात घेते. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कंपन्यांचा सामाजिक निधी २०१३ च्या कंपनी कायद्यापासून वाढत गेला, पण त्याला इमारती आणि फोटो अधिक आवडतात. पाड्यावर बैठका घेत हिंडणाऱ्या माणसाचा पगार कमी आवडतो. आशा कार्यकर्त्यांना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा सन्मान मिळाला, आणि त्यानंतरही महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. आढावा इथे थांबवते. उरलेला वेळ मला एकाच गोष्टीसाठी हवा आहे. बैठकांमध्ये ती काढली की ‘ताई, हे नंतर पाहू, आधी काम’ असे उत्तर येई. ते नंतर कधी आले नाही. म्हणून आज बोलते.

आपल्या संस्था आपल्याच माणसांना झिजवून चालतात, आणि त्या झिजण्याचे आपण कौतुक करतो. हे बंद झाले पाहिजे.

एका संस्थेत मी आरोग्याचे काम बघत होते. पाड्यांवर बायकांचे हिमोग्लोबिन तपासण्याची मोहीम होती. पेठ-सुरगाण्यातल्या बायका नागली-वरईची शेती करतात आणि ती आटोपली की दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत मजुरीला जातात. रक्त कमी असणार, हे आम्हाला ठाऊक होते. मोहिमेच्या शेवटच्या दिवशी थोडे साहित्य उरले. तपासनीस मुलगा म्हणाला, ‘तुमचंही बघू का?’ गंमत म्हणून आम्ही बोटे पुढे केली. बाईच्या रक्तात १२ ग्रॅम असावे, हे गावोगाव आम्हीच सांगत होतो. आमच्यातल्या बहुतेकींचे त्याच्या खाली निघाले. सगळ्यात कमी रक्त होते ते सर्वांत जास्त पाडे फिरणाऱ्या मुलीचे. सकाळी चहा-बिस्किटावर निघायचे, दुपारी एखाद्या घरी भाकरी मिळाली तर मिळाली, आणि मासिक अहवाल रात्री जागून लिहायचा, असा तिचा दिवस. तिची पिशवी लोहाच्या गोळ्यांनी भरलेली असे. स्वतः एकही घेतली नव्हती. मी विचारले तर म्हणाली, ‘त्या लाभार्थ्यांच्या आहेत ना.’

पुढे ती गरोदर राहिली. पगारी रजा संस्थेच्या नियमांत नव्हती. तिने काम सोडले. ‘मुली लग्न झालं की गळतात,’ असे तिच्याबद्दल बैठकीत बोलले गेले. तिने उभे केलेले बचत गट वर्षभरात विस्कटले, कारण कोणत्या घरात नवरा वही फाडतो आणि कोणत्या सासूला आधी विचारावे लागते, हे सगळे तिच्या डोक्यात होते, अहवालात नव्हते. संस्थेने तिच्या रजेचे पैसे वाचवले आणि काही पाड्यांवरची काही वर्षांची मेहनत घालवली. हा हिशेब कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

आता महाराष्ट्राकडे पाहा. हमालांच्या पाठीवरच्या ओझ्याला हक्क मिळवून देणारा माथाडी कायदा या राज्याने १९६९ मध्ये केला. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांची पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितले. या लढ्यांमध्ये या सभागृहातले कितीतरी जण पत्रके वाटत होते, धरणे धरत होते, तारखांना कोर्टात बसत होते. त्यांच्यापैकी कितीजणांना स्वतःला प्रॉव्हिडंट फंड होता? २० माणसे असलेल्या आस्थापनेला तो लावावाच लागतो. १९ वर थांबणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. २० पेक्षा कमी माणसे असली तरी स्वेच्छेने नोंदणी करता येते, हे तिथल्या हिशेबनिसाला माहीत असते. तो तसे सांगतो आणि विश्वस्त विषय बदलतात.

काल रात्री जेवणानंतर जुना वाद पुन्हा रंगला : नीट पगार दिला की बांधिलकी जाते, मग उरतात ते नोकर. या वादात मी तरुणपणापासून बसले आहे. माझे उत्तर एका परिचारिकेचे आहे. ती राजापूरकडची. दरवर्षी मे महिना लागला की ती गावी जाई, आंब्याच्या घाईत आईला मदत करी आणि पाऊस सुरू होण्याच्या बेतात परत येई. त्या महिन्यात तिला कुणीही बोलावलेले चालत नसे. पगारही तिने ठरवून, लिहून घेतला होता. मिळेल ते घेईन, असे ती म्हणाली नव्हती. आमच्यातले काही तिच्याबद्दल ‘हिला काम म्हणजे नोकरी’ असे म्हणत. असे म्हणणारे एकेक करून निघून गेले. कुणी आजारी पडले, कुणी भांडून गेले, कुणाला मुलांच्या फीसाठी शहरात परतावे लागले. ती निवृत्तीच्या वयापर्यंत एकाच उपकेंद्राच्या परिसरात राहिली. रात्री-अपरात्री बाळंतपणाला तिलाच हाक येई आणि ती जाई, कारण जायला तिच्यात ताकद होती. ज्यांना बांधिलकीवर चर्चा करायची आहे, त्यांनी आधी मला हिच्यासारखी दुसरी दाखवावी.

आपल्याकडे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या त्यागाचे दाखले देतात. द्यावेत. पण १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज काढला तेव्हा सभासदाच्या शपथेत काय घातले, तेही सांगावे. समाज आपल्यासाठी आणि आपल्या कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत समाधान मानीन, असे सभासद वचन देई. तरतूद साधी असेल, पण ती करायची हे गृहीत होते, आणि तीत कुटुंब होते. आपण शपथेतला साधेपणा घेतला आणि तरतूद सोडून दिली. स्वतः गोखले १९१५ मध्ये गेले, वयाच्या ४८ व्या वर्षी, मधुमेह आणि कामाचा बोजा अंगावर घेऊन. ते आणखी वीस वर्षे जगते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यावरचे त्यांचे पुस्तक घराघरांत वाचले गेले. लोकांनी तेल कमी केले, चालायला लागले. आपल्या संस्थांनी त्यातून काय घेतले? गडचिरोलीसारख्या ठिकाणी आयुष्य लावणाऱ्या डॉक्टरलाही आपली दिनचर्या मुळापासून बदलावी लागते, मग आपल्या तालुका समन्वयकाचे काय, असा प्रश्न कुणी विश्वस्त मंडळात काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कामाने माणूस आतून विझतो, याचे वर्णन फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने १९७४ मध्ये केले. ते त्याने कारखान्यात पाहिले नव्हते. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात, विनामोबदला सेवा करणाऱ्यांमध्ये पाहिले होते. मनापासून झोकून देणारेच आधी खचतात, हे पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

आणि घराबद्दल बोलायलाच हवे. आनंदीबाई कर्व्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये आले. सर्वस्व संस्थेला देणाऱ्या थोर माणसाचे घर कसे चालते, ते त्यात घरातल्या बाईने स्वतः सांगितले. त्यानंतर इतक्या वर्षांत आपल्यातल्या किती पुरुष कार्यकर्त्यांचा त्याग खरे म्हणजे बायकोच्या शिक्षिकेच्या पगारावर उभा राहिला! स्मरणिकांमध्ये तिचे नाव ऋणनिर्देशात शेवटच्या ओळीत असते. बाई कार्यकर्ती असली तर तिच्यामागे उभे राहणारे तसे कुणी नसते. शिबिराहून रात्री परतल्यावर ती ओटा आवरते. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी आज सत्तरीच्या आसपास आहेत. कुणाचे गुडघे गेलेत, कुणी भावाकडे राहते. एकीच्या औषधांसाठी आम्ही दरमहा वर्गणी काढतो. तिने तालुकाभर बायकांना जमिनीच्या उताऱ्यावर नाव लावून दिले. स्वतःच्या नावावर काही नाही. तिच्याकडे गेले की ती कामाच्याच गोष्टी काढते, नव्या मुली येतात का विचारते. मला काय सांगावे ते सुचत नाही. येतात, आणि दोन-तीन वर्षांत दमून जातात, हे तिला कसे सांगू?

तरुण मंडळी मला विचारतात, या कामात पडावे का. पडा, जरूर पडा, यासारखे काम नाही. पण येण्याआधी पगार, सुट्टी, विमा आणि प्रॉव्हिडंट फंड विचारा, आणि विचारताना खाली बघू नका. ज्या संस्थेला हा प्रश्न अपमानाचा वाटेल, तिच्याकडे जाऊ नका, तिचे संस्थापक कितीही वंदनीय असोत.

पुढच्या कामाबद्दल एवढेच सुचवते. संमेलनाने एक समिती नेमावी. तिने सर्व संस्थांना लागू होईल असा सेवाशर्तींचा किमान मसुदा करावा. त्यात आठवड्याची सुट्टी असावी, बाळंतपणाची पगारी रजा असावी, आणि रात्री आठनंतर कामाचे संदेश पाठवू नयेत असे स्पष्ट लिहावे. तातडीचे आजारपण सोडून. थकलेल्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांसाठी एक सामाईक निधी हवा. तो कुठून यावा आणि कसा चालावा, यावर जाणकारांनी बसावे. देणगीदारांशीही बोलावे लागेल. अंदाजपत्रकात माणसाचा खर्च पूर्ण धरा, नाहीतर प्रकल्प घेणार नाही, असे दहा संस्थांनी मिळून म्हटले तर ऐकतील, असे मला वाटते.

दुपारच्या सत्राआधी संस्थाचालकांनी एक काम करावे. आपल्या संस्थेत ज्यांना प्रॉव्हिडंट फंड नाही आणि विमा नाही, त्यांची यादी करून माझ्याकडे द्यावी. आकडा नको, नावे हवीत. पुष्कळशा याद्यांमध्ये चालकांचे स्वतःचे नावही येईल. ते गाळू नये.