परसबागेचे तीन सांधे

(म्हसळा तालुक्यातील शिक्षक, ग्रामसेवक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी शेतीतज्ज्ञ नाही. अनेक वर्षे शाळेत शिकविले आणि घरामागच्या दोन गुंठ्यांत भाजी केली, एवढीच माझी पात्रता. या दोन गुंठ्यांनी मला यश दिले त्याहून अपयश अधिक दिले. आज त्या अपयशांचाच हिशेब मी आपणापुढे मांडणार आहे.

आपल्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही म्हसळ्याच्या बाजारात येणारी बरीचशी भाजी घाटावरून ट्रकने येते. ती शिळी असते, महाग असते, आणि वाड्यावस्त्यांपर्यंत पोचतेच असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. केवळ परसबागेने रक्तक्षय हटेल असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या घरात आठवड्यातून चार दिवस ताजी भाजी शिजते, त्या घरातील शेवटी जेवणाऱ्या बाईच्या पानातही ती पडते, हे मी पाहिले आहे.

मग बागा टिकत का नाहीत? माझ्या अनुभवाने सांगते, बाग भर हंगामात क्वचितच बुडते. ती बुडते दोन ऋतूंच्या सांध्यावर. आपल्याकडे असे तीन सांधे आहेत: मृगाचा, हस्ताचा आणि फाल्गुनाचा.

पहिला सांधा : मृग

मी बाग सुरू केली त्या वर्षी बियाण्यांची एक पिशवी मिळाली होती. तीत भेंडी, पडवळ, पालक, कोथिंबीर, टोमॅटो असे सारे एकत्र होते. मी उत्साहाने मृगाच्या पहिल्या सरीवर सगळेच पेरले. आर्द्रा संपण्यापूर्वी पालक व कोथिंबीर कुजली आणि टोमॅटोची रोपे जमिनीलगत बारीक होऊन कोलमडली. बियाणे खोटे नव्हते, वेळ चुकली होती. साचलेल्या पाण्यात आणि दमट, कोंदट हवेत कोवळ्या रोपांच्या बुडख्याला बुरशी धरते. पालक-कोथिंबिरीला तर थंडीच लागते.

पावसाळा हा मांडवाच्या भाज्यांचा काळ. पडवळ, शिराळे, कारली, दुधी, काकडी यांची आळी पाऊस येण्यापूर्वीच शेणखत घालून उंचवट्यावर करावीत, म्हणजे मुळांशी पाणी थांबत नाही. भेंडी बांधावर लावावी आणि अळू मोरीजवळ. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणाच्या हवेसाठी कारल्याची ‘कोकण तारा’ ही जात दिली आहे.

मांडव हिरवागार होऊनही फळ धरत नाही, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. सततच्या पावसात मधमाश्या फिरत नाहीत, म्हणून मादी फुले गळतात. दुधी आणि पडवळाची फुले संध्याकाळी उमलतात. त्या वेळी नरफूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हळूच लावले, तर फळ धरते. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, ही खूण शाळेतले मूलही ओळखते. दुसरा शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळात अंडी घालते आणि फळ आतून सडते. अशी फळे मांडवाखाली पडू दिली, तर अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि पुन्हा माश्या होतात. पडकी फळे रोज वेचून खोल पुरावीत. क्यू ल्यूरचा गंध-सापळा टांगावा, मात्र तो एका घरापेक्षा सबंध आळीने मिळून लावला तर अधिक उपयोगी पडतो.

याच सांध्यावर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. टाळेबंदी चालूच होती. झाडे पडून रस्ते अडले आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. माझा नुकताच बांधलेला मांडव गेला आणि त्याबरोबर नारळ व पोफळीही आडव्या झाल्या. नवी पोफळ वा माड फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. परंतु ज्या परसात कधी ऊन उतरत नव्हते, तेथे त्या पावसाळ्यात लख्ख उजेड पडला. पडलेल्या पोफळींचेच खांब करून शेजारणींनी व मी आषाढात पुन्हा मांडव घातले. उशिरा का होईना, श्रावणात काकडी आणि भाद्रपदात पडवळ मिळाले. बाजारातून भाजी येण्याची खात्री नव्हती, त्या दिवसांत त्या पडवळाची किंमत आम्हांला कळली. अर्थात गेलेल्या वाडीची भरपाई भाजीने होत नाही. मात्र नवी झाडे वाढेपर्यंत त्या उन्हाचा उपयोग करून घेता येतो.

दुसरा सांधा : हस्त

उत्तरा-हस्ताच्या सुमारास मांडव पिवळे पडतात, भातकापणीची घाई असते आणि घरातील बाई खाचरात असते. पुढच्या हंगामाची रोपे नेमकी याच वेळी तयार करावी लागतात. हे पंधरा-वीस दिवस हुकले की हिवाळी बागही हुकते. म्हणून वांगी-मिरचीचे बी गादीवाफ्यावर, वर झापांचा आडोसा करून, कापणीपूर्वीच टाकावे. भात निघताच ओलीवर वाल टोकावा. माघात पोपटी लावताना आपण ज्या शेंगा हौसेने खातो, त्यांची सुरुवात हस्त-चित्राच्या ओलाव्यात असते.

माझे सर्वांत मोठे अपयश येथलेच. सलग तीन वर्षे मी एकाच वाफ्यात वांगी लावली. तिसऱ्या वर्षी फुलावर आलेली झाडे हिरवीच्या हिरवी माना टाकू लागली. पाणी कमी पडले असे समजून मी आणखी पाणी घातले आणि मर अधिकच पसरली. पुढे एका कृषी सहायकांनी साधी परीक्षा दाखविली. मेलेल्या झाडाचे खोड कापून त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरला, तर थोड्याच वेळात दुधासारखी धार खाली उतरली. हा जिवाणूंमुळे होणारा मर रोग. तो मातीत राहतो आणि वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा या एकाच कुळाला धरतो. कोकणची आम्लधर्मी, ओली माती त्याला मानवते. औषधावर पैसे घालविण्यापेक्षा रोगट झाड मुळासकट काढून जाळावे आणि त्या वाफ्यात दोन-तीन वर्षे मका, चवळी, मुळा अशी दुसऱ्या कुळाची पिके घ्यावीत. चुना घालायचा तो माती तपासूनच.

तिसरा सांधा : फाल्गुन

शिमगा झाला की विहिरी तळाला जातात. जांभ्याच्या जमिनीतून पावसाचे पाणी निघून गेलेले असते. भातानंतर गुरे मोकळी सुटलेली असतात आणि वानरांच्या टोळ्या परसात उतरतात. पुष्कळ भगिनी येथे बाग सोडून देतात. माझे सांगणे असे की, बाग सोडू नये, आखडती घ्यावी. मोरीच्या सांडपाण्यावर अळू, एक वाफा लाल माठ आणि कुंपणाशी शेवगा एवढे जगविले, तरी चैत्र-वैशाखात पाने व शेंगा मिळतात. आणि याच वेळी पुढच्या मृगाचे बी राखावे. आपल्या आज्या वाळलेले घोसाळे व पडवळ चुलीवरच्या धुरात टांगीत आणि बियांना राख चोळीत. त्या बियांना कीड लागत नसे.

तीन विनंत्या

शेवटी तीन विनंत्या. अधिकारी बंधूंना विनंती अशी की, बियाण्यांची एकच मोठी पिशवी जूनमध्ये देण्याऐवजी तीन लहान पिशव्या तीन सांध्यांपूर्वी पोचवाव्यात. पंचायत सदस्यांनी उन्हाळ्यातील मोकाट गुरांचा प्रश्न ग्रामसभेत घ्यावा, कारण एकट्या बाईचे कुंपण साऱ्या गावाची गुरे अडवू शकत नाही. शिक्षकांनी शाळेच्या परसबागेची एक वही ठेवावी. काय पेरले, कोणत्या नक्षत्रावर पेरले, काय मेले आणि का मेले, हे मुलांनी त्यात लिहावे. उत्पन्नाचे आकडे आपण अहवालात भरतोच, मेलेल्या रोपांची नोंद मात्र कोठेच नसते. ती दहा वर्षे झाली, तर म्हसळ्याचे स्वतःचे पेरणीचे वेळापत्रक त्या वहीत तयार होईल.

पहिल्याच पावसात बाग गेली म्हणून ‘माझ्या हाताला यश नाही’ असे म्हणणारी बाई आपणांपैकी प्रत्येकाच्या गावात आहे. तिच्या हाताचा दोष नाही, पेरणीची वेळ चुकली होती, हे तिला हस्तापूर्वी जाऊन सांगा.