हिंवाळ्यांत घराचा विचार



आपल्याकडे घराला रंगसफेदी करण्याचा मुहूर्त म्हणजे दिवाळी. पाऊस सरतो न सरतो तोंच घरोघरीं चुन्याच्या बादल्या व रंगाचे डबे दिसूं लागतात. सणासाठीं घर उजळावें ही हौस रास्तच आहे. परंतु भिंत हलवावयाची, ओटा नवा करावयाचा, कपाटें बसवावयाचीं, असा मोठा बेत मनांत असेल तर ही घाई बरी नव्हे. आश्विनांत भिंतींच्या पोटांत पावसाळ्याचें पाणी अजून मुरलेलें असतें. वरून चढविलेला रंग ती ओल कोंडून धरतो आणि पुढें त्याचे पोपडे सुटतात. ह्या कामाचा विचार करण्यास खरा काळ हेमंत ऋतूचा, असें मला आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

मार्गशीर्षांतलें पहिलें काम म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक भिंत नीट पाहणें. डाग छताजवळ असेल तर दोष बहुधा गच्चीचा किंवा कौलांचा. खिडकीखालीं असेल तर छज्जाचा अथवा चौकटीच्या फटींचा. आणि जमिनीलगत हातभर उंचीपर्यंत लोणा फुटला असेल तर ओल जोत्यांतून वर चढत आहे असें समजावें. मूळ कारण दूर न करतां त्यावर सुरेख फळ्या ठोकल्या तर डाग दिसेनासा होतो, ओल मात्र राहते, आणि वाळवीला आयतें घर मिळतें.

दुसरें काम उन्हाची नोंद करण्याचें. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यांत भर दुपारींही सूर्य क्षितिजापासून सुमारें ४८ अंशच वर असतो. दक्षिणेच्या खिडकीचा वरचा कांठ जमिनीपासून ७ फुटांवर असेल व छज्जा आड येत नसेल, तर ऊन सुमारें ६ फूट आंत येतें. वृद्धांची खुर्ची व मुलांचें अभ्यासाचें मेज कोठें ठेवावें, हें तें ऊनच सांगतें. मे महिन्याच्या मध्यास तोच सूर्य दुपारीं माथ्यावर येतो आणि त्या खिडकींतून आंत उतरत नाहीं. मात्र येथें एक सावधगिरी हवी. पौषांत सुखद वाटणारी पश्चिमेची खिडकी वैशाखांत संध्याकाळपर्यंत खोली तापवीत असते. म्हणून हिंवाळ्यांत आंखणी करतांना उन्हाळ्याची आठवण जवळ ठेवावी. पलंग त्या भिंतीपासून दूर घ्यावा, आणि कपाटांची रांग तिला लावावी. ती उन्हाचा ताप कांहीं अंशीं अडविते.

पौष महिन्यांत आपल्याकडे पुष्कळ घरीं शुभकार्य करीत नाहींत. तें आंखणीच्या पथ्यावरच पडतें. खोलीचें माप घेऊन चौकडीच्या कागदावर नकाशा काढावा, एक घर म्हणजे एक फूट धरावें, आणि पलंग, मेज, कपाट ह्यांचे त्याच मापाचे कागदी तुकडे कापून नकाशावर फिरवून पाहावे. मग पसंत पडलेली मांडणी खडूनें जमिनीवर आंखावी आणि चार दिवस त्या रेघा न ओलांडतां वावरून पाहावें. कपाटाचें दार उघडल्यावर वाट उरते कीं नाहीं, हें त्या चार दिवसांत फुकट कळतें. सुतार येऊन गेल्यावर कळलें तर त्याची किंमत मोजावी लागते.

आतां मुख्य गोष्ट. घराची आंखणी बहुधा पैसे देणारा व सुतार असे दोघेच ठरवितात. जिचा दिवसाचा मोठा भाग ओट्यापुढें उभ्यानें जातो, तिला विचारतात तें फरशीचा रंग कोणता हवा एवढेंच. पूर्वीं चुलीपुढें बसून स्वयंपाक होई, तेव्हां उंचीचा प्रश्न नव्हता. आतां ओटा फार ठेंगणा झाला तर कंबर आणि फार उंच झाला तर खांदे वर्षानुवर्षें दुखतात. ताठ उभे राहून कोपर वांकवावें. कोपराहून ४ ते ६ इंच खालीं ओटा असणें सोयीचें. हें माप ओट्यापुढें उभें राहणाऱ्या व्यक्तीचेंच घ्यावें. तसेंच न्हाणीघराचा उंबरठा व गुळगुळीत फरशी ह्यांविषयीं आजीआजोबांना विचारावें. दिवाणखान्यांतील शोभेच्या कोनाड्यापेक्षां न्हाणीघरांत भिंतीला घट्ट बसविलेली एक दांडी घरावर अधिक उपकार करते.

माघ-फाल्गुनांत प्रत्यक्ष काम काढावें. नव्या गिलाव्याला कांहीं दिवस पाणी मारून सावकाश सुकूं द्यावें लागतें. वैशाखाच्या झळांत तो भराभर वाळून तडकतो, आणि देशावर पुष्कळ गांवीं त्या वेळीं पाण्याचीही टंचाई असते. लांकूड दमट हवेंत आडवें फुगतें; हिंवाळ्यांत घट्ट बसविलेलें दार आषाढांत चौकटींत अडकतें, म्हणून सुतारास थोडी फट ठेवण्यास सांगावें. जुन्या वाड्यांच्या व चाळींच्या पुष्कळ भिंती वरचा भार वाहणाऱ्या असतात. जाणत्या अभियंत्याला विचारल्याविना त्यांपैकीं एकही पाडूं नये.

रंगाविषयीं एक इशारा. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० हून अधिक असूं नये, असा नियम भारत सरकारनें २०१६ सालीं केला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगांत शिसें असूं शकतें आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. असा थर कोरडा घांसूं नये. तो भिजवून काढावा आणि त्या दिवसांत मुलांना दुसरीकडे ठेवावें.

शेवटीं खर्चाचें. अंदाजपत्रक करून त्याचा दहावा हिस्सा तरी बाजूस ठेवावा, कारण भिंत फोडल्यावर आंत काय निघेल हें आधीं सांगतां येत नाहीं. तेवढी शिल्लक राहत नसेल तर यंदा एकच खोली करावी. पुष्कळ वर्षांच्या पोटाला चिमटा घेऊन सांठविलेला पैसा गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्याच्या धांदलीवर सोंपविण्यापेक्षां पौषांतल्या चार निवांत संध्याकाळीं सर्व माणसांनीं एकत्र बसून त्याचा विचार करावा. त्या बैठकींत घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसालाही बोलूं द्यावें आणि सर्वांत लहान मुलालाही, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.