इंधनाची चव



ज्याने आयुष्यात कधी पेल्याला हात लावला नाही, त्या माझ्यासारख्या माणसाने मद्यार्कावर बोलावे, याचे आपल्याला हसू येईल. पण हा मद्यार्क माणसाच्या पोटात जात नाही, गाडीच्या टाकीत जातो. ऊस, मका, तांदूळ यांपासून तो तयार होतो आणि इथेनॉल या नावाने पेट्रोलमध्ये मिसळला जातो.

आमच्या संग्रामपूर तालुक्याचा पूर्णेकाठचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथले विहिरीचे पाणी दिसायला नितळ. पण खारे की गोडे, ते जिभेवर थेंब ठेवल्याशिवाय कळत नाही. पेट्रोलचेही तसेच. त्यात इथेनॉल किती, हे नुसते पाहून सांगता येत नाही. मग गाडीला ते कळावे कसे? त्यासाठी तिला एक जीभ बसवतात. तिचे नाव फ्लेक्स फ्युएल सेन्सर.

मुठीत मावेल एवढी ही वस्तू. ती इंधनाच्या नळीत बसते आणि आतून वाहणारा द्रव विजेला कसा प्रतिसाद देतो, ते मोजते. या बाबतीत पेट्रोलचा अंक २ च्या आसपास, तर इथेनॉलचा २४ च्या आसपास. एवढा फरक असल्यावर ओळख पटायला वेळ लागत नाही. प्रचलित सेन्सरने सेकंदाला ५० स्पंदने पाठवली, तर निव्वळ पेट्रोल. १५० पाठवली, तर निव्वळ इथेनॉल. ७० म्हणजे २० टक्के. हा निरोप गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ईसीयूला, मिळतो.

आता हा खटाटोप कशासाठी? एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त सोडावे लागते. ते मोजून मिळाले, तर इंजिनाला आतून थंडावा मिळतो, ठोके बसत नाहीत आणि ताकद वाढवता येते. म्हणूनच टर्बो गाड्यांच्या हौशींना इथेनॉल प्रिय. पण हिशेब चुकला आणि इंधन कमी पडले, तर अशा जोरकस इंजिनात पिस्टन वितळायलाही उशीर लागत नाही.

सेन्सर बसवण्याचे काम वरकरणी सोपे दिसते. आधी पंपाचा फ्यूज काढून नळीतला दाब उतरवायचा, बॅटरी सोडायची, इंजिन थंड होऊ द्यायचे. मग इथेनॉलला टिकणारी नळी वापरून सेन्सर जोडायचा, तोही सायलेन्सरच्या गरम नळीपासून लांब. वायरी तीन: वीज, अर्थिंग आणि निरोपाची. शेवटी गळती तपासायची. पेट्रोलचा एक थेंबही दिसला, तर किल्ली फिरवायची नाही. पण खरे काम पुढेच आहे. ईसीयूला तो निरोप वाचता आला पाहिजे, आणि इंजेक्टर व पंप यांनी वाढीव इंधन पुरवले पाहिजे. नाहीतर जिभेला चव कळली, पण हात चालेना, अशी गत होते. शिवाय कंपनीची वॉरंटी जाऊ शकते, आणि नोंदणीतले मूळ तपशील बदलतील अशा फेरफारांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. तेव्हा हे जाणकाराचे काम. घरच्या पान्याने करायचे नव्हे.

ब्राझीलमध्ये २००३ साली फोक्सवॅगनची गोल ही गाडी कोणत्याही प्रमाणातले मिश्रण पचवणारी म्हणून बाजारात आली. आपल्याकडे इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे पहिले प्रयोग २००१ साली झाले, तेही आपल्याच मिरज आणि मनमाडला, शिवाय उत्तर प्रदेशात. २००३ साली काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ मध्ये प्रमाण १० टक्क्यांवर गेले, २०२५ मध्ये २० वर. २०२४ साली होंडाने ८५ टक्के इथेनॉलपर्यंत चालणारी मोटारसायकलही भारतात आणली.

आणि इथेच माझा मुद्दा येतो. महागड्या गाडीला जीभ आहे. आमच्या भागात शेतावर जाणाऱ्या जुन्या मोटारसायकलीला ती नाही. तिच्या कार्ब्युरेटरचे छिद्र एकाच मापाचे. इंधन बदलले, तरी ते मोठे होत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच २० टक्के मिश्रणावर जुन्या दुचाकींचे मायलेज ३ ते ४ टक्के आणि चारचाकींचे ६ ते ७ टक्के घटेल, असे म्हटले होते. इथेनॉल पाणीही ओढून घेते. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरले, तर दोन्ही मिळून तळाशी बसतात आणि गाडी रस्त्यात उभी राहते.

याचा अर्थ इथेनॉल वाईट, असा मुळीच नाही. एक क्विंटल मक्यातून सुमारे ३८ लिटर इथेनॉल निघते. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात देशाच्या इथेनॉलचा सर्वांत मोठा स्रोत मका ठरला. परदेशी तेलावर जाणारा पैसा आपल्या शेतकऱ्याच्या घरी आला, तर कुणाला नको? कोंबड्यांचे खाद्य त्यामुळे महागले, हीही गोष्ट खरी. पण तोच शेतकरी आपले पीक विकून परत पंपावर ग्राहक म्हणून उभा राहतो. तेव्हा नळीतून काय पडते आहे, त्यात इथेनॉल किती, ते आपल्या गाडीला चालेल का, हे त्याला ठळक मराठी अक्षरांत वाचायला मिळाले पाहिजे. मेकॅनिकनेही रबरी नळ्या आणि वॉशर बदलताना हे लक्षात घेतले पाहिजे.

ज्या गाडीला स्वतःची जीभ नाही, तिच्या मालकाला निदान कुणीतरी सांगायला हवे. एवढी साधी मागणी आहे.