चारित्र्याची किंमत कोण मोजणार?

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



राजकीय नेत्याच्या व्यक्तिगत चारित्र्याचा विषय निघाला की अलीकडे एक ठरावीक उत्तर मिळते. 'तो माणूस म्हणून कसा आहे याच्याशी आम्हांला काय कर्तव्य? रस्ते होतात ना, पाणी येते ना?' हा प्रश्न वरवर व्यवहारी वाटतो. पण रस्त्याचे कंत्राट कोणाला द्यायचे, पाणी कोणत्या गावाला आधी सोडायचे, हे निर्णय सही करणारा माणूसच घेत असतो. कायदा त्याला मर्यादा घालतो. तथापि त्या मर्यादांच्या आत जी मोकळीक उरते, तेथे त्याच्या सदसद्विवेकावाचून दुसरा पहारेकरी नसतो. सत्ता जितकी मोठी, तितकी ही मोकळीकही मोठी.

चारित्र्य म्हणजे काय, याविषयीही आपली दृष्टी स्वच्छ हवी. निर्व्यसनीपणा, साधा पोशाख, मृदू वाणी हे सारे चांगलेच. परंतु त्यासाठी फारशी किंमत द्यावी लागत नाही. राजकारणातले चारित्र्य कसाला लागते ते काही गमावण्याची वेळ येते तेव्हा.

पहिले उदाहरण मी मुद्दाम काँग्रेसच्या नेत्याचे घेतो, कारण सद्गुण ही कोणा एका पक्षाची मिरासदारी नाही. १९५६ मध्ये महबूबनगरजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा देऊ केला. पंडित नेहरूंनी तो स्वीकारला नाही. नोव्हेंबरात मद्रास राज्यातील अरियलूर येथे पुन्हा अपघात झाला आणि शंभराहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. या वेळी शास्त्रीजींनी राजीनाम्याचा आग्रह सोडला नाही. तो स्वीकारताना, अपघाताला शास्त्री जबाबदार आहेत म्हणून नव्हे तर घटनात्मक औचित्याचा आदर्श निर्माण व्हावा म्हणून आपण तो स्वीकारत आहोत, अशी भूमिका नेहरूंनी संसदेत मांडली.

या त्यागातून काय निष्पन्न झाले? १९६५ मध्ये पंतप्रधान असताना शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि देशभरातील असंख्य घरांत सोमवारी रात्री चूल पेटली नाही. समोर बसलेल्या ज्येष्ठांपैकी कित्येकांना ते सोमवार आठवत असतील. तो कायदा नव्हता, मोडणाऱ्याला दंडही नव्हता. सांगणाऱ्याच्या शब्दामागे त्याचे आयुष्य उभे होते, एवढेच.

दुसरे उदाहरण १९६३ सालचे. त्या वर्षीच्या गाजलेल्या पोटनिवडणुकांत आचार्य कृपलानी अमरोह्यातून, डॉ. राममनोहर लोहिया फर्रुखाबादेतून आणि मिनू मसानी राजकोटमधून लोकसभेत पोहोचले. जौनपुरात मात्र पंडित दीनदयाळ उपाध्याय पराभूत झाले. तेथे जातीच्या आधारावर प्रचार चालला होता. आपणही ब्राह्मण मतांना आवाहन करावे, असा सल्ला त्यांना देण्यात आला. सल्ला देणारे शत्रू नव्हते. विजयासाठी तळमळणारी आपलीच माणसे होती. दीनदयाळजींनी तो साफ नाकारला. जातीच्या बळावर जिंकलेली जागा म्हणजे विचाराचा पराभव, ही त्यांची धारणा होती. त्या धारणेची किंमत त्यांनी रोख मोजली.

येथे आपण सर्वांनी थोडे थांबले पाहिजे. त्यांच्या प्रतिमेला हार घालणे सोपे आहे. आज उमेदवारी ठरवण्याच्या बैठकीत 'इलेक्टिव्ह मेरिट' हा शब्द उच्चारला गेला की आपल्यापैकी किती जण जौनपूरची आठवण करून देतात? १३ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की, फौजदारी खटले असलेला उमेदवार का निवडला याची कारणे पक्षांनी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावीत आणि केवळ निवडून येण्याची क्षमता हे त्याचे कारण असू शकत नाही. जे कार्यकर्त्याने बैठकीत सांगायचे, ते न्यायासनाला सांगावे लागले. हा कोणा एकाच पक्षाला लागू असलेला ठपका नाही आणि म्हणूनच आपलीही त्यातून सुटका नाही.

चारित्र्य केवळ प्रसंगी प्रकटते असेही नाही. त्याची रोजची शिस्त असते. १९५७ मध्ये मावळातून विधानसभेत गेलेले आणि पुढे ठाण्याचे खासदार झालेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवत. ज्याला दरवर्षी हिशेब द्यायचा आहे, त्याचे पाऊल घसरण्याआधी अडखळते.

चारित्र्यवान माणूस कार्यक्षम असेलच असे नाही, हे मला मान्य आहे. कार्यक्षमता अवश्य मागावी. पण चारित्र्यहीनाची कार्यक्षमता शेवटी कोणाच्या कामी येते, हेही पाहावे.

विरोधकांच्या चारित्र्याची चिकित्सा आपण आवडीने करतो. त्यात धैर्य लागत नाही. तोच काटा आपल्या माणसासाठी लावताना हात थरथरतो, आणि खरी परीक्षा तेथेच असते. नेत्याने किंमत मोजावी अशी अपेक्षा करणाऱ्या समाजाने एखादा पराभव सोसण्याची तयारी ठेवली पाहिजे. जौनपूरच्या पराभवाची आठवण आज साठ वर्षांनंतरही आपण अभिमानाने काढतो. त्याच काळात अन्यत्र तडजोडी करून मिळवलेल्या किती विजयांची आठवण कोणी काढते?