कार्डावर कोण आलं, कोण राहिलं



यात्रेचे दिवस आले की मंचरपासून नारायणगावपर्यंत रस्त्याच्या कडेला फ्लेक्स लागतात. बैलगाडा घाटाचा एखादा फ्लेक्स जवळ जाऊन बघा. कुणाचा फोटो हातभर, कुणाचा अंगठ्याएवढा. घाटात कुणाची बारी किती सेकंदांत झाली, याचा त्या मापाशी संबंध नसतो. वर्गणी कुणी किती दिली, छपाईचं कुणी बघितलं, यावर ते माप ठरतं. शंभर वर्षांनी तो फ्लेक्स कुणाच्या हाती लागला, तर तो म्हणेल, यांचेच बैल सगळ्यांत जोरात पळत असणार!

आजचा विषय लांबचा आहे, पण प्रश्न हाच आहे.

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंची रंगीत कार्डं घातली. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा लागायचाच, त्याच्यावरच चित्र छापलं. कार्ड जेमतेम दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडं लांब. पुढच्या बाजूला खेळाडू, मागे सिगारेटची जाहिरात. संग्राहक या संचाला टी-२०६ म्हणतात आणि त्यात ५२४ कार्डं मोजतात. तेव्हा मोठ्या लीगमध्ये सोळा संघ होते. सगळ्यांना सारखा वाटा मिळायला हवा होता, असं आपल्याला वाटेल. तसं झालं नाही. एकट्या न्यूयॉर्क जायंट्सची कार्डं चाळिसाच्या वर आहेत. न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघातल्या हॅल चेसची पाच वेगवेगळी कार्डं निघाली. जायंट्सचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांची चार. आणि १९०९ची वर्ल्ड सिरीज जिंकली कुणी? पिट्सबर्गने. त्या पिट्सबर्गची कार्डं जायंट्सपेक्षा किती तरी कमी आहेत, आणि त्यांचा सगळ्यांत मोठा खेळाडू होनस वॅगनर एकाच कार्डावर आहे. तेही त्याने हरकत घेतल्यामुळे छापणं थांबलं. त्याला तंबाखूसाठी आपलं चित्र नको होतं म्हणतात, कुणी म्हणतं पैशाचं जमलं नाही. आज ते कार्ड जगातल्या सर्वांत महाग कार्डांपैकी आहे. २०२२ साली त्याची एक प्रत साडेबाहात्तर लाख डॉलरला गेली.

इथे मला थांबायचं आहे. कुठल्याही संचात एक संघ जास्त दिसला की आपण दोनपैकी एक काहीतरी चटकन म्हणतो. एक तर तो संघ खरंच भारी होता, नाहीतर पक्षपात झाला. आपल्याकडचं बघा. आपल्या कसोटीपटूंचा संच कुणी काढला, तर मुंबईचा गठ्ठा जाड होणारच. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा ज्यांनी रणजी करंडक घेतला, त्यांचे खेळाडू जास्त दिसले तर तक्रार कसली करायची? तो वाटा त्यांनी मैदानावर कमावलेला आहे. पण पिट्सबर्गला हा न्याय लागू होत नाही. तिथे विजेतेच मागे पडले. कंपनीचं मुख्यालय न्यूयॉर्कमध्ये होतं आणि सिगारेटी ओढणारं मोठं गिऱ्हाईकही तिथलंच. याच संचात दक्षिणेतल्या छोट्या लीगच्या खेळाडूंची ४८ कार्डं आहेत. अमेरिकेच्या त्या खोल दक्षिणेत मोठ्या लीगचा एकही संघ नव्हता, सिगारेटी मात्र खपत होत्या. संघ नसला तरी गिऱ्हाईक असेल, तर कार्ड निघतं.

पुढे करारांनी हेच केलं. १९५०च्या दशकात टॉप्स आणि बोमन या कार्डं छापणाऱ्या दोन कंपन्या खेळाडूंना करारात बांधायला धडपडत होत्या, कोर्टकचेरीही झाली. टॉप्सचा १९५३चा संच बघा. शेवटचा क्रमांक २८०, पण कार्डं २७४. मधले सहा क्रमांक कधी छापलेच गेले नाहीत. संच जुळवणारी पोरं ते शोधत बसली असतील, आणि ते अस्तित्वातच नव्हते. सेंट लुईसचा स्टॅन म्युझियल तर १९५८ पर्यंत टॉप्सच्या कार्डावर दिसतच नाही. तो काय त्या वर्षांत खेळत नव्हता? फलंदाजांत त्याच्या तोडीचे मोजकेच होते.

आता आपल्या पुण्याकडे या. डिसेंबर १९४८. पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम नऊ धावांवर आलेला. मध्ये सुट्टी झाली आणि काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, पुढे खेळायला तयारच झाले नाहीत. सामना तिथेच संपला. प्रथम श्रेणीत भारतीयाने काढलेली ती आजही सर्वांत मोठी धावसंख्या आहे. आणि निंबाळकरांना एकही कसोटी मिळाली नाही. प्रा. दि. ब. देवधरांचंही तसंच. १९२६ साली एमसीसीविरुद्ध त्यांनी १४८ काढल्या, महाराष्ट्राला सलग दोन वर्षं रणजी करंडक मिळवून दिला, पण भारताची पहिली कसोटी झाली तेव्हा ते चाळिशीत होते. कसोटीपटूंच्या कुठल्याही संचात या दोघांना जागा नाही. पुढची पिढी तो संच हातात धरून ‘महाराष्ट्रात त्या काळी विशेष कुणी नव्हतं’ असं म्हणाली, तर मला ते सहन होणार नाही.

म्हणून सगळ्या संघांना सारखी कार्डं द्या, असं मी म्हणत नाही. सारखी वाटणीसुद्धा खोटंच सांगेल, दुबळ्याला बळकट दाखवेल. मी एवढंच मागतो, की संच बघताना तो कुठे छापला, कुणाला विकला, कुणी सही केली आणि कुणी नाही, हे विचारायची सवय लागू दे.

आणि इथल्या शाळेतल्या गुरुजी-बाईंना एक विनंती आहे. आपल्या गावाचा एक संच करा. कबड्डीवाले घ्या, पैलवान घ्या, घाटात गाडा हाकणारे घ्या, मुलींचा संघ विसरू नका. समोर फोटो, मागे चार ओळी: कुणाविरुद्ध खेळले, कधी, निकाल काय. फोटो मिळाला नाही तर समोरची बाजू कोरी ठेवा, पण क्रमांक आणि नाव छापा.