शेरलॉकची बायको, किपलिंगचा किम आणि आपली वैनगंगा

हेडफोन लावलेत? चला, आज भेटूया शेरलॉक होम्सच्या बायकोला.

हो, बायकोलाच. आर्थर कॉनन डॉयलच्या मूळ कथांमध्ये होम्स अविवाहित आहे आणि शेवटी तो इंग्लंडमधल्या ससेक्सला मधमाश्या पाळत बसतो. अमेरिकन लेखिका लॉरी आर. किंग यांनी तिथूनच धागा उचलला. त्यांचं 'द बीकीपर्स अप्रेंटिस' आलं १९९४ मध्ये. गोष्ट सुरू होते १९१५ साली. मेरी रसेल नावाची पंधरा वर्षांची पोरगी पुस्तकात डोकं खुपसून टेकडीवरून चाललेली असते आणि होम्सच्या अंगावर पाय पडता पडता राहतो. त्याला लगेच कळतं, ही आपल्या तोडीची आहे. आधी शिष्या, मग जोडीदार, पुढे लग्न. दोघांच्या वयात मोठं अंतर आहे, आणि ते मलाही खटकतं. पण तीस वर्षं उलटली तरी ही मालिका चालूच आहे, राजेहो!

मजा कशात आहे? वॉटसन थक्क होतो, मेरी उलट प्रश्न विचारते. मी दिवसभर कोडमधले बग शोधतो. "वा, सापडला!" म्हणणाऱ्यापेक्षा "कशावरून?" असं विचारणारा सोबत असला, तर काम पक्कं होतं. इथे होम्सलाही तसंच कोणीतरी मिळालंय.

आता आपल्याकडे येऊ. २००४ च्या 'द गेम'मध्ये हे दोघं भारतात येतात. साल १९२४. बेपत्ता झालेल्या एका माणसाला शोधायचंय. कोण तो? किम! किपलिंगच्या १९०१ च्या कादंबरीतला तोच पोरगा, आता मोठा झालेला. होम्स आणि मेरी जादूगारांच्या वेशात गावोगाव फिरतात. एका लेखकाचा नायक दुसऱ्याच्या नायकाला शोधतोय, हे ऐकूनच मी पुस्तक घेतलं.

आणि किपलिंग म्हटलं की आपण भंडाऱ्याची माणसं कान टवकारणारच. त्याच्या 'जंगल बुक'मधली नदी कोणती? वैनगंगा! शिवनी जिल्ह्यात उगम पावून आपल्या भंडाऱ्यातून वाहणारी आपलीच नदी. किपलिंगने १८९४ चं ते पुस्तक लिहिलं अमेरिकेत बसून. नदी आपली, जंगल आपलं, गोष्ट मात्र सांगणारा दुसराच.

माझा मुद्दा इथेच आहे. किंगबाईंनी जुन्या गोष्टीत सांगणारा बदलला. पुरुषाच्या जागी मुलगी आली आणि होम्स वेगळा दिसायला लागला. त्याचा हट्ट दिसला, एकटेपणा दिसला. पण 'द गेम'मध्येही भारत दिसतो तो मेरीच्याच डोळ्यांनी. बाई हुशार आहे, प्रामाणिक आहे, पण पाहुणी आहे. इथल्या कोणी तीच गोष्ट सांगितली असती तर?

विचार करा, १९२४ चा भंडारा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातला एक जिल्हा. शेजारी नागपुरात १९२३ चा झेंडा सत्याग्रह नुकताच होऊन गेलाय. तुमसरकडे मॅंगनीजच्या खाणी. बंगाल-नागपूर रेल्वेची गाडी भंडारा रोडला थांबते आणि दोन गोरे जादूगार उतरतात. त्यांचे बूट, त्यांची हिंदी, त्यांच्या हातांवर नसलेले घट्टे, हे सगळं फलाटावरची एक चहावाली बघते. होम्सने तिच्याबद्दल काही ओळखायच्या आत तिने होम्सला ओळखलेलं असतं.

हे पुस्तक अजून कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. तुम्ही लिहिणार का?

तोवर मालिका वाचायची असेल तर पहिल्या पुस्तकापासूनच सुरू करा. मेरी हळूहळू मोठी होते, आणि ते बघण्यातच अर्धी मजा आहे. आणि वाचताना प्रत्येक प्रकरणाला एक प्रश्न विचारत राहा: हे सांगतंय कोण?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!