चढ दमानं घ्यावा



हरिहरेश्वरला दर्शनाचा क्रम ठरलेला आहे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, आणि पुन्हा काळभैरव. त्यानंतर ओहोटी असेल तर प्रदक्षिणा. पायऱ्या चढून जायचं, खडकांच्या खिंडीतून उतरायचं आणि समुद्राच्या कडेनं परत यायचं. त्या पायऱ्यांवर तरुण पोरं दोन-दोन पायऱ्या गाळत धावतात आणि अर्ध्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहतात. नऊवारीतल्या आजी मात्र एकेक पायरी करत, तोंडानं नामस्मरण चालू ठेवून, त्यांच्या शेजारून वर निघून जातात. आज मला सायकलीबद्दल बोलायचं आहे, पण या आजींना बाजूला ठेवून बोलता येणार नाही.

चढ म्हटलं की सायकलवाल्याला वरंधा आठवतो, ताम्हिणी आठवतो. किनारा म्हणजे सपाट, असं आपण धरून चालतो. ‘समुद्रसपाटी’ हा शब्दच मोठा फसवा! श्रीवर्धनहून हरिहरेश्वरला या, किंवा शेखाडीवरून दिवेआगरला जा. डोंगराची सोंड थेट पाण्यात उतरलेली असते. रस्ता तिच्या अंगावर चढतो, पलीकडे पुळणीला उतरतो, की पुढची सोंड समोर हजर. घाटात एकदा चढलं की चढलं. इथे उंची कमवायची आणि लगेच समुद्राला परत करायची.

घोळ होतो तो इथेच. मोठ्या घाटाला माणूस बिचकून असतो, जपून चढतो. हे चढ मात्र छोटे. ‘एवढासा तर आहे, मारू एका दमात’ असं वाटतं. मीही मारायचो. पहिला मारला, दुसरा मारला, पाचव्या-सहाव्या चढाला पोटरीत असा गोळा आला की सायकल आंब्याला टेकवून तासभर सावलीत बसलो. चढ तेवढाच होता, पण माझी शिल्लक संपली होती.

थोडा हिशेब सांगतो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा. वारा नसेल तर सपाटीवर ताशी २० किलोमीटरनं जायला साधारण ७५ वॉट पुरतात. आता शंभर मीटरला सहा मीटर उंची, असा चढ लागला. तोच वेग टिकवायचा म्हटलं तर ३०० वॉटच्या वर लागतात, म्हणजे चौपटीहून जास्त. एवढा जोर सामान्य माणूस फार तर दोन-चार मिनिटं लावतो, आणि तो लावताना स्नायूंमधली साखर भराभर जाळतो. हा साठा मुळात पाचेकशे ग्रॅमचा. चरबी मुबलक असते, पण ती मंद आचेवर जळते. म्हणून वेग कमी होऊ द्यायचा, जोर वाढू द्यायचा नाही. ताशी सहा किलोमीटरनं गेलात तर तोच चढ ८५ वॉटांत निघतो. सहा म्हणजे झपाझप चालणाऱ्याचा वेग. शेजारून कुणी चालत पुढे गेलं तर जाऊ द्यावं. लाज चढत नाही, सायकल चढते.

एवढ्या कमी वेगात पाय फिरते राहावेत म्हणून तर गिअर. दूधवाल्याच्या जुन्या सायकलला पुढे ४४ दाते, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात ती पाच मीटरांच्या वर जाते. ताशी सहाच्या वेगाला मिनिटाला जेमतेम १९ फेरे पडतात आणि प्रत्येक फेरा विहिरीतून भरली घागर ओढल्यासारखा. तो माणूस उतरून सायकल ढकलतो, ते अगदी शहाणपणाचं आहे. पुढे २४ आणि मागे ३२ दाते असले की तेच काम साठेक फेऱ्यांत वाटलं जातं. गिअर मात्र चढ लागायच्या आधी बदलावा. भर चढावर, चेन ताणलेली असताना खटका दाबला की ती कुरकुरते आणि कधी उतरतेच.

गिअरला कमीपणा मानायची खोड जुनी आहे. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली, पण चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा गिअर तिथे १९३७ पर्यंत चालत नव्हता. त्याआधी स्पर्धक चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला जास्त दात्यांचं चक्र असायचं. आपल्याकडे अजूनही कुणी तरी विचारतंच, ‘गिअरवर चढलास होय?’

आता जोर मोजायचा कशानं? हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळं मिळतात, चांगली असतात. मी मनाचे श्लोक म्हणतो. ओळ पुरी होण्याआधी श्वास तुटला, तर जोर जास्त झाला. आजींचं नामस्मरण आठवा. त्यांचा वेग त्या जपानंच बांधलेला असतो.

कोकणातल्या दमट हवेत हे आणखी जपावं लागतं. घाम येतो पण वाळत नाही, आणि चढावर सायकल इतकी हळू असते की वाराही लागत नाही. अंग तापतं, ठोके वाढतात, पायांचा जोर तोच असला तरी श्लोक तुटतो. मग आणखी हळू व्हायचं. पाणी घोट-घोट घ्यायचं, सोबत मीठ घातलेलं कोकम सरबत. उतारावर पाय लोंबकळत ठेवू नका, हलके फिरवत राहा, म्हणजे पुढच्या चढाला ते आखडलेले नसतात. ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नको. पावसाळ्यात तर झाडांखालच्या रस्त्यावर शेवाळ असतं.

या चालीनं किती दूर जाता येतं? ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या पुण्या-मुंबईहून निघतात. त्यात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, खाणंपिणं धरून. म्हणजे ताशी पंधराही नाही.

हरिहरेश्वरहून दक्षिणेला जायचं तर बागमांडल्याला सावित्रीच्या खाडीवर फेरीबोट आहे, पलीकडे वेशवी. बोटीत सायकल उभी करून बाणकोटचा किल्ला बघत बसावं. पण धक्का जवळ आला की मागचं चाक जरा उचला, हातानं पायडल फिरवा आणि गिअर हलका करून ठेवा. बोटीची फळी जिथे टेकते तिथून धक्क्याचा उतार पाण्याकडे असतो, म्हणजे आपल्याला तो चढ. मागून मोटारी भोंगे वाजवत असतात, ओल्या काँक्रीटवर चाक घसरतं. तिथे मी आजही उतरून ढकलतो.